डीजीसीए मंत्रालयाच्या हाताखालून काढावं का?

चौकस:
अहमदाबादच्या विमान अपघातात १२ जून २०२५ रोजी २६० माणसं गेली, तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते लिहितो. विमानं, पायलट आणि कंपन्यांना परवाने देणारं, त्यांच्यावर लक्ष ठेवणारं डीजीसीए नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली. अपघाताची चौकशी करणारी एएआयबीही त्याच मंत्रालयाखाली. उद्या चौकशीत डीजीसीएचीच चूक निघाली तर ती सांगणार कोण? घरातलाच धाकटा भाऊ. २०२४च्या भारतीय वायुयान अधिनियमात या संस्थांना कायद्याचं स्थान आहे खरं, पण डीजीसीएचा हुकूम फिरवायचा अधिकार सरकारने स्वतःकडेच ठेवला. विमानं वाढवायची घाई ज्याला, लगामही त्याच्याच हातात. स्वतंत्र प्राधिकरण करा.

उडाणटप्पू:
२०१३ मध्ये तसं विधेयक लोकसभेत आलं होतं. त्या लोकसभेबरोबरच बारगळलं.

जुना एएमई:
स्वतंत्र केलं की सुरक्षित होतं, हे कुठून काढलंत? अमेरिकेत चौकशी करणारी एनटीएसबी १९७५ पासून वाहतूक खात्यापासून वेगळी आहे. तरीही एफएएने, म्हणजे तिथल्या डीजीसीएने, बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानाच्या तपासणीचं बरंचसं काम बोइंगच्याच माणसांवर सोपवलं आणि दोन अपघातांत ३४६ जण गेले.

मी विमानं दुरुस्त करण्यात जन्म घालवला. एका पावसाळ्यात, रात्री अडीचला, डीजीसीएचे एक इन्स्पेक्टर न कळवता आले. टॉर्च घेऊन नोज व्हीलपाशी उकिडवे बसले आणि टायरवरच्या एका चिरेवर बोट ठेवलं. चीर आम्हालाही दिसली होती, "मर्यादेत आहे" म्हणून सोडली होती. मोजली, तर नव्हती. टायर बदलला, विमान उशिरा गेलं, मॅनेजर तणतणला. त्या माणसाकडे स्वायत्तता नव्हती, टॉर्च होती. तो हजर होता, एवढंच. संसदेच्या समितीने २०२५ मध्ये सांगितलं की डीजीसीएच्या १,०६३ मंजूर जागांपैकी ५५३च भरलेल्या आहेत. आधी तिथे माणसं बसवा, मग पाटी बदला.

चौकस:
जागा रिकाम्या का, हे नाही विचारलंत. सरकारी भरतीची चाल आणि सरकारी पगार. अनुभवी पायलट कंपनी सोडून तिथे कशाला येईल? ब्रिटनची सीएए, म्हणजे तिथलं डीजीसीए, १९७२ पासून आहे, मुख्यतः विमान उद्योगाकडूनच शुल्क घेऊन चालते आणि स्वतःची माणसं स्वतः नेमते.

जुना एएमई:
म्हणजे कंपन्यांच्या पैशावर. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.

सांताक्रूझकर:
एएमईकाका, टॉर्चवाला मला पटला. पण डिसेंबर २०२५ आठवा. पायलट थकू नयेत म्हणून रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली होती. नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झालेले. इंडिगोने माणसं पुरेशी ठेवली नाहीत, उड्डाणं धडाधड रद्द झाली आणि डीजीसीएने त्याच कंपनीला तात्पुरती सवलत दिली. इथे जागा भरलेल्या असत्या तरी काय फरक पडला असता? हा निर्णय टॉर्चवाल्याच्या पातळीवर होतच नाही.

जुना एएमई:
नाही होत. हे मान्य.

उडाणटप्पू:
सवलत दिली नसती तर तुम्हीच इथे डीजीसीएच्या नावाने खडे फोडले असते. लग्नसराई होती.

सांताक्रूझकर:
फोडले असते. माझंही तिकीट होतं.