सामान्य वाचकाने बायबलचे कोणते भाष्य वाचावे?

प्रश्न (भायखळ्याची वाचक)
प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीतील महिलांचा बायबल अभ्यासाचा गट घरोघरी जमतो. गणपतीत शेजारणी प्रेमाने प्रसाद आणून देतात, तो घ्यावा की नाही, हा प्रश्न निघाल्यावर आम्ही नव्या करारातील करिंथकरांस पहिल्या पत्राचा, मूर्तींना अर्पण केलेल्या अन्नाविषयीचा आठवा अध्याय वाचला आणि प्रत्येकीने त्याचा निराळा अर्थ लावला. आमच्यापैकी कोणीही धर्मशास्त्र शिकलेले नाही आणि इंग्रजी बेताचेच येते. ग्रीक व्याकरणात न अडकवता अर्थ उलगडून दाखवणारे भाष्य कोणी सुचवील का?

उत्तर (निवृत्त शिक्षक, ठाणे)
सलाम, ताई. विल्यम बार्क्ले यांच्या नव्या करारावरील ‘डेली स्टडी बायबल’पासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवतो. स्कॉटलंडचे हे पाळक आणि प्राध्यापक रोज थोडे वाचणाऱ्या माणसासाठी लिहीत असत, त्यामुळे त्यांचे इंग्रजी सोपे आहे आणि एकेक उतारा एका बैठकीत वाचून होतो. करिंथ या ग्रीक शहरात देवळात अर्पण झालेल्या पशूंचे मांस बाजारात विकायला येई, मेजवान्याही देवळांच्या आवारात होत, आणि म्हणून ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न टाळताच येत नसे, ही आपल्या अध्यायाची पार्श्वभूमी ते फार चांगली समजावतात. चमत्कारांविषयी मात्र त्यांना सावधपणे वाचावे. पाच हजारांच्या भोजनाच्या वेळी लोकांनी आपापल्या शिदोऱ्या काढून वाटून घेतल्या असाव्यात, हाही एक संभाव्य अर्थ ते मांडतात, जो मला पटत नाही.

उत्तर (वसईकर)
भाष्य उघडण्यापूर्वी तोच उतारा दुसऱ्या एका मराठी भाषांतरात वाचावा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ त्यासाठी उत्तम आहे. ते कॅथलिक परंपरेतील असल्याने त्याच्या जुन्या करारात आपल्या प्रॉटेस्टंट प्रतीपेक्षा सात ग्रंथ अधिक आढळतील.

उत्तर (संडे स्कूल शिक्षिका, अंधेरी)
मॅथ्यू हेन्री यांचे जुने भाष्य इंटरनेटवर विनामूल्य मिळते आणि भक्तिपर वाचनासाठी मला ते प्रिय आहे. परंतु 1714 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकापर्यंतच पोहोचले होते आणि त्यापुढील पत्रांवरील भाग इतर पाळकांनी पुरा केला. आपल्या प्रश्नासाठी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेली एकखंडी ‘साउथ एशिया बायबल कॉमेंटरी’ अधिक उपयोगी पडेल, कारण तिचे लेखक आपल्याच उपखंडातील आहेत आणि अन्य धर्मीय शेजाऱ्यांमध्ये राहणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. भाष्य कोणतेही घ्या, पण आठवा अध्याय एकटा वाचू नका. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा युक्तिवाद दहाव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत चालतो. तिथे तो आमंत्रण आल्यास पुढे वाढलेले चौकशी न करता खावे असे म्हणतो, आणि हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितल्यास त्या सांगणाऱ्याच्या विवेकभावासाठी खाऊ नये, असेही सांगतो. प्रसाद देणारी शेजारीण तो प्रसाद असल्याचे सांगूनच देते, म्हणून आपल्या गटाने चर्चेची सुरुवात याच वचनांपासून करावी.