शेजारचं लेकरू मार खातंय : मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ लावायचा की आधी दार वाजवायचं?

पाथर्डीफाटा_तिसरामजला

नाशिकमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर भाड्याने एक कुटुंब राहतं. नवरा अंबडला शिफ्टमध्ये, बायको घरी, मुलगा आठ-नऊ वर्षांचा. गेल्या महिन्यात लागोपाठ तीन रात्री पट्ट्याचा आवाज आला आणि ‘पप्पा, नको ना’ ऐकू आलं. तिसऱ्या रात्री मी १०९८ लावला. दुसऱ्या दिवशी माणसं येऊन मुलाशी बोलून गेली.

आता सोसायटीत एकच विषय, फोन कोणी केला? अध्यक्ष म्हणतात आधी आमच्याकडे यायचं, घरातलं घरात मिटतं. मला हे अजिबात पटत नाही. तीन रात्री सगळ्या मजल्यांवर ऐकू जात होतं. मिटवायचं होतं तर कोणी का नाही उठलं? पहिल्याच रात्री फोन करायला हवा होता, याचं मला वाईट वाटतं.

वाड्यातला_जुना

दादा, हेतूबद्दल शंका नाही. पण फोननंतर काय होतं ते मी जवळून पाहिलंय. नात्यातल्या एका घरी असाच फोन गेला. रात्री अकराला पोलीस दारात. आठवड्यात घरमालकाने खोली खाली करायला लावली, कामावर खाडे पडले आणि तो सगळा राग निघाला बायकोवर. फोन करणाऱ्याला यातलं काही कळलंही नाही.

रविवार कारंजाजवळच्या आमच्या वाड्यात कोणी पोरावर हात उचलला की समोरच्या आजी उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या. ‘हात खाली घे.’ बस्स. बाप खाली मान घालायचा. उद्या पुन्हा त्याच आजींसमोरून जायचं असायचं ना. तुमच्या फोनमध्ये हा उद्या नाही.

शाळेतली_बाई

आजींबद्दल आदर आहे, पण वाड्यात पोरगं वाईट स्पर्शाबद्दल बोललं तर काय व्हायचं? गप्प बसवलं जायचं. तिथे आता निवडीला जागाच नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने कळवायलाच हवं. दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. मारहाणीला तशी सक्ती नाही, पण स्वतःच्या ताब्यातल्या मुलाला क्रूरपणे वागवणं २०१५ च्या बालन्याय कायद्यात गुन्हाच आहे. ‘बाप आहे, मारणारच’ हे कायदा मानत नाही.

वाड्यातला_जुना

बाई, पोक्सोबद्दल वाद नाही. मी पट्ट्याबद्दल बोलतोय. पोराला उचलून उंटवाडीच्या रिमांड होमला ठेवलं तर त्याचं भलं झालं का?

समुपदेशक_सातपूर

एका फोनवर मूल उचलत नाहीत. तशी गरज वाटली तर २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, निर्णय समिती घेते, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असं कायद्यातच लिहिलंय. पण तुमची भीती कुठून येते ते कळतं. १०९८ मुंबईत १९९६ साली सुरू झाली, पुढे गावोगावच्या संस्था ती चालवत. २०२३ मध्ये सरकारने ती स्वतःकडे घेऊन पोलीस बोलावायच्या ११२ नंबरशी जोडली. तेव्हापासून ‘फोन म्हणजे पोलीस का?’ असंच लोक मला विचारतात.

नाव_नको

मी त्या आईच्या जागी होते. सिडकोत.

माझा मुलगा मध्ये पडायचा म्हणून त्याला मार पडायचा. शेजारच्यांनी कळवलं, लोक आले, मुलाला विचारलं, शाळेत विचारलं. मला कोणी विचारलं नाही. मी दारामागे सुजलेला हात पदराखाली धरून उभी होते. मुलासाठी एक नंबर, बाईसाठी दुसरा (१८१), आणि दोन्हीकडच्या माणसांची गाठच पडत नाही. पोराला मार पडत असेल त्या घरात आईकडेही बघा, एवढंच माझं म्हणणं आहे.

मला पुढे एका ताईंनी छळ होणाऱ्या बायकांसाठीच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेलं. तोवर ठाऊकच नव्हतं की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली एफआयआर न करताही अर्ज करता येतो, आणि घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहायचा हक्क आहे. निकाल ६० दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. मला दीड वर्ष लागलं. तारीख असली की ताई सोबत यायच्या, म्हणून निभावलं.

वाड्यातले दादा, आजी मलाही हव्या होत्या. पण माझ्या सासूबाई त्याच वयाच्या होत्या आणि शेजारच्या खोलीत होत्या.

सुरगाण्याची_सेविका

आमच्याकडे गावातच ग्राम बाल संरक्षण समिती असते. अध्यक्ष सरपंच, आम्ही अंगणवाडीवाल्या सदस्य. ऐकायला अगदी आजीसारखीच. पण मारणारा सरपंचाच्या भावकीतला असला की बैठकच होत नाही. द्राक्षाच्या दिवसांत आईबाप दिंडोरी-निफाडला मजुरीला, पोरं आजीकडे किंवा काकाकडे. अशा वेळी मला बाहेरचा नंबरच बरा वाटतो, तिथे मी कोणाची सून आहे ते कोणी विचारत नाही. रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं, तरी जाते.

पाथर्डीफाटा_तिसरामजला

‘नाव नको’ ताई, तुमचं वाचून काल बायकोला खाली पाठवलं, डाळीचं पीठ मागायच्या निमित्ताने. मुलाची आई अर्धा तास बोलली. तिच्या मानेवरही वळ आहेत. महिनाभर मी फक्त पोराचाच विचार करत होतो. १८१ तिने मोबाईलमध्ये ‘गॅस बुकिंग’ म्हणून सेव्ह केलाय. तिच्यासोबत जायला कोणी मिळेल का?

समुपदेशक_सातपूर

मी येते. मेसेज करा. तिला आधी विचारा, मगच.

वाड्यातला_जुना

फोनबद्दल माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण वहिनी खाली गेल्या ते बरं झालं, जात राहू द्या. आणि मीटिंगमध्ये तुमचं नाव सांगू नका. त्या घरमालकाशी कोणीतरी आधीच बोलून ठेवा, नाहीतर खोली त्या बाईलाच सोडावी लागेल.