कोलामी बालगीतं: मराठी चालीवर शब्द बसवले की उच्चार का बिघडतात?

टिपेश्वर
यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर आणि झरी जामणी तालुक्यांतल्या पोडांवरच्या (कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरच्या) अंगणवाड्यांसाठी कोलामीत आठ बालगीतं करायची आहेत. विषय साधे: घर, पाणी, झाड, आकडे. गायक-वादक तयार आहेत, पण बहुतेकांना कोलामी येत नाही. ओळखीच्या मराठी बडबडगीतांच्या चालींवर कोलामी शब्द बसवून पाहिले. पोडावरच्या जुन्या बायकांना शब्द कळतात, पण गाणं आपल्या बोलीतलं वाटत नाही. चूक चालीत आहे की गायकांच्या उच्चारात? शब्द देवनागरीत कसे लिहायचे? आणि मोबाईलवरचं रेकॉर्डिंग पुरेल का?

ऱ्हस्वदीर्घ
चूक चालीत आहे. उच्चार त्यामागोमाग बिघडतो.

कोलामी द्राविडी भाषा आहे. तिच्यात अ, इ, उ, ए, ओ या पाचही स्वरांच्या ऱ्हस्व-दीर्घ जोड्या आहेत आणि त्या फरकाने अर्थ बदलू शकतो. मराठीत ए आणि ओ यांना ऱ्हस्व जोडीदारच नाही, त्यामुळे मराठी कानाला हा फरक जाणवत नाही. 'घर' म्हणजे ऎल्ला. यातला पहिला स्वर आखूड आहे आणि जोर पुढच्या ल्ल वर थांबतो. मराठी चालीत तीच जागा दोन मात्रांची असली की गायक 'एऽला' म्हणतो. स्वर लांबला, जोडाक्षर सुटलं, शब्द गेला. उलट ईर म्हणजे पाणी. इथे पहिला स्वर दीर्घच हवा, तो घाईत एका मात्रेत उरकू नका.

म्हणून उलट्या क्रमाने जा. आधी चाल करू नका. कोलामी बोलणाऱ्या दोघी-तिघींकडून ओळ नुसती बोलून घ्या, सहा-सात वेळा, नेहमीच्या वेगात. त्यावर टाळी धरा. ऱ्हस्व स्वराला एक मात्रा, दीर्घ स्वराला किंवा जोडाक्षराआधीच्या अक्षराला दोन, असा आराखडा कागदावर मांडा. चाल त्यावर बांधा. तान, मींड, लांबण घ्यायची हौस असेल तर ती ध्रुवपदातल्या निरर्थक अक्षरांवर घ्या. गोंडी गाण्यांतलं 'रे ला रे ला' ऐका: सगळी लांबण तिथे आहे, अर्थाचे शब्द मोकळे राहतात. ढेमसा नाचाच्या ढोलाची लय आधी ऐकून ठेवलीत तर निम्मं काम तिथेच होईल. मुलांसाठी चाल सा ते ध एवढ्यातच ठेवा.

लिहिण्यासाठी देवनागरीत ऱ्हस्व ए-ओची अक्षरं आहेतच: ऎ, ऒ आणि मात्रा ॆ, ॊ. बऱ्याच मोबाईल कीबोर्डांवर ती सापडत नाहीत, म्हणून लोक ॅ वापरतात. ते करू नका. तो 'बॅट'मधला उच्चार आहे आणि मुलं तसंच वाचतील. चार अक्षरं एका फाईलीत ठेवून तिथून चिकटवा.

टिपेश्वर
आकड्यांचं गाणं एक ते दहा, साधंच ठेवलं आहे. त्यात तरी अडचण नसावी?

ऱ्हस्वदीर्घ
तिथेच सगळ्यात मोठी अडचण आहे. कोलामीत दोन, तीन, चार हे आकडे कोणाला मोजता त्यावर बदलतात. दोन पुरुष इद्दर, दोन बायका ईरल, दोन वस्तू किंवा जनावरं इंदिङ. मराठी यादीचा अनुवाद केला की यातलं एकच रूप उरतं आणि मूल 'इंदिङ बायका' शिकतं. गाणं मोजदादीचं करू नका, मोजायच्या गोष्टींचं करा: दोन भाऊ, दोन बहिणी, दोन बैल. एका कडव्यात तिन्ही रूपं येतात. हे व्याकरण वर्गात सांगून बसत नाही, गाण्यात सहज बसतं.

आणखी एक: यवतमाळ, किनवट आणि आदिलाबादकडची कोलामी सारखी नाही. ज्या पोडासाठी गाणं, त्याच पोडाची रूपं घ्या.

सूरपेटी
मोबाईल चालेल, पण तीन अटींवर. नॉइज रिडक्शन (गोंगाट गाळणं) आणि ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणं) बंद करता येईल असं ॲप घ्या, नाहीतर शब्दाच्या शेवटचे ङ, र, ल हे मऊ आवाज गोंगाट समजून कापले जातात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह (WAV) फाईल करा. मोनोमध्ये मिनिटाला साडेआठ एमबी लागतात, जागा मोकळी ठेवा. फाईल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणूनच.

माइक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला. सर्वात मोठा आवाज ॲपच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास. पत्र्याखाली नको, मातीच्या भिंतीची खोली उत्तम.

प्रत्येक गाण्याचे चार टेक घ्या: शब्द सावकाश बोलून, नेहमीच्या वेगात बोलून, वाद्याविना गाऊन, मग ढोलासकट. पहिले दोन लोक हमखास टाळतात. पुढे कोणी शिकायला बसलं की गाण्यातून मूळ स्वर किती लांब होता हे कळत नाही, तेव्हा हेच दोन टेक कामी येतात. ढोल शक्यतो वेगळा रेकॉर्ड करा. ऑटोट्यून (सूर आपोआप सुधारणारं सॉफ्टवेअर) अजिबात लावू नका.

दक्षिणवारा
गायकांना भाषा येत नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही. न्यूझीलंडमध्ये डॅल्व्हेनियस प्राइम या संगीतकाराला माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा, धड येत नव्हती. त्याच्या एका माओरी गाण्याचे शब्द न्गोई पेव्हाइरांगी या जाणत्या बाईंनी लिहिले, त्याने संगीत केलं. रेकॉर्ड कंपन्यांनी रस दाखवला नाही तेव्हा स्वतःची कंपनी काढली. १९८४ मध्ये ते गाणं तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चार आठवडे पहिलं होतं. कामाची वाटणी लक्षात घ्या: भाषेवर शेवटचा शब्द बाईंचा, संगीतकाराचा नव्हे. तुमच्याकडेही अंतिम मिक्सला नकार देण्याचा हक्क पोडावरच्या दोन बोलणाऱ्यांना आधीच देऊन टाका.

ऱ्हस्वदीर्घ
यात हक्कांचं जोडतो. पूजेची आणि मयताची गाणी चालीसाठी उचलू नका, आधी पोडावर विचारा. संमती कोलामीतच, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बोलून घ्या: कुठे वाजेल, पैसे आले तर कोणाला. गाणं ऑनलाइन वितरकाकडे देताना कंटेंट आयडीची (यूट्यूबवर गाणं ओळखून हक्क सांगणाऱ्या यंत्रणेची) खूण काढायला सांगा. पारंपरिक चाल त्यात नोंदली गेली, तर उद्या पोडावरच्या पोरांनी स्वतःचं गाणं यूट्यूबवर टाकलं की त्यांच्यावरच दावा लागतो.