‘पुस्तकासारखी भीती वाटली नाही’: यातली भीती नेमकी कोणती?

भयकादंबरीवरचा चित्रपट पाहून आलेल्या माणसाच्या तोंडी बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: ‘पुस्तक वाचताना वाटली तशी भीती वाटली नाही.’ मीही ते अनेकदा लिहिलंय. परवा पुन्हा लिहायला बसले आणि हात थांबला. या वाक्यात भीती दोनदा येते, एकदा पुस्तकाची आणि एकदा पडद्याची, आणि आपण दोन्हींना एकच नाव देतो. त्या खरंच एक आहेत का?

उदाहरण देते. स्टीफन किंगच्या ‘द शायनिंग’ (१९७७) या कादंबरीत हॉटेलच्या आवारात झुडपं कातरून बनवलेले प्राणी आहेत. सिंह, ससा, कुत्रा. नायक नजर वळवतो, पुन्हा बघतो, तर ते जरासे सरकलेले. हलताना एकही दिसत नाही. ते पान वाचताना मला जे झालं त्याला ‘भीती’ हा शब्द मोघम वाटतो. क्युब्रिकने १९८० च्या चित्रपटात हे प्राणी घेतलेच नाहीत, त्यांच्या जागी झुडपांचा भुलभुलैया केला. पुढे १९९७ मध्ये खुद्द किंगच्या पटकथेवर दूरचित्रवाणी मालिका निघाली. तिच्यात ते प्राणी आले, संगणकावर बनवलेले आणि चांगले हलताना दिसणारे. माझी भीती तिथेच संपली.

तर पानावरच्या त्या भीतीला मराठीत काय म्हणाल? मला ‘धास्ती’ सुचतोय. आणि पडद्यावर एकदम काहीतरी अंगावर येतं, त्या भीतीला?

प्रतिसाद

‘धास्ती’ बरोबर आहे, पण एकट्या शब्दाने भागणार नाही. माझ्या मते इथे तीन शब्द लागतात आणि त्यांच्यात काळाचा फरक आहे.

धास्ती पुढची असते. ‘निकालाची धास्ती लागली आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा निकाल अजून लागलेला नसतो. दचकणं आत्ताचं असतं. दार आपटलं, दचकलो, संपलं. धसका मागचा असतो, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचा, जो जात नाही तो. ‘त्या पुराचा तिने धसका घेतला’ हे वाक्य पूर ओसरल्यावरच म्हणता येतं.

आता तुमचं उदाहरण बघा. झुडपातला सिंह सरकला आहे, पण अजून पोचलेला नाही, म्हणून ती धास्ती. मालिकेत तो धावत आला की फार तर दचकायला होतं, आणि आधीपासून दिसत असेल तर तेही होत नाही. चाहत्यांची तक्रार बहुतेकदा हीच असते, की धास्तीच्या जागी नुसतं दचकवलं. इंग्रजीत ‘जम्प स्केअर’ म्हणतात त्याला आपल्याकडे ‘दचका’ पुरेसा आहे. नवा शब्द घडवायची गरज नाही.

प्रतिसाद

+१. ‘दचका’ वापरात आणायलाच हवा.

प्रतिसाद

शब्दांची फोड आवडली, पण त्यातून ‘पुस्तक म्हणजे धास्ती आणि चित्रपट म्हणजे दचका’ असा अर्थ निघत असेल तर मी सहमत नाही. शर्ली जॅक्सनची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) घ्या. तिच्यावर १९६३ मध्ये रॉबर्ट वाइजने चित्रपट केला. त्यात भूत दिसतच नाही. दारापलीकडे कुणीतरी धडका देतं, लाकडी दार आत फुगतं, आणि आपण दाराकडे बघत बसतो. अंधारात एक बाई शेजारणीचा हात घट्ट धरून ठेवते. उजेड झाल्यावर कळतं की शेजारीण तर लांब होती. मग हात कुणाचा धरला होता? हा प्रसंग कादंबरीतही आहे आणि माझ्यावर दोन्हीकडे सारखाच चालला.

त्याच कादंबरीवर १९९९ मध्ये पुन्हा चित्रपट आला. त्यात वास्तूच जिवंत होते, कोरीव मूर्ती हलतात, सगळं संगणकाने दाखवलेलं. कादंबरी एकच, पडदाही तोच, पण पहिल्यात धास्ती आहे आणि दुसऱ्यात ती जवळजवळ नाही. तेव्हा दोष माध्यमाला देऊ नये. काय झाकायचं हे दिग्दर्शकाला कळतं की नाही, प्रश्न एवढाच असतो.

उलटंही होतं. रॉबर्ट ब्लॉकच्या ‘सायको’ (१९५९) कादंबरीत न्हाणीघरातला खून दोन-तीन ओळींत आटोपतो. हिचकॉकच्या १९६० च्या चित्रपटात तो सुमारे ४५ सेकंद चालतो, वर व्हायोलिनची ती किंकाळी. इथे पुस्तक वाचून ‘चित्रपटासारखी भीती वाटली नाही’ म्हणणारे मला भेटले आहेत, आणि त्यांचं चुकत नाही.

धागाकर्ती

मान्य. ‘सायको’ माझ्या लक्षातच आला नव्हता. माझा मूळ प्रश्न माध्यमापेक्षा शब्दाचा आहे, त्यामुळे धास्ती, दचका, धसका ही तिकडी मला फार उपयोगी वाटते. आणखी एक विचारते. चाहत्यांच्या लिखाणात ‘भयानक’ हा शब्द इतका येतो की त्यातून काहीच कळेनासं झालंय. ‘चित्रपट भयानक आहे’ म्हणजे घाबरवणारा, की अगदीच टाकाऊ? आणि हल्ली तर ‘भयानक आवडला’ असंही लिहितात.

प्रतिसाद

‘भयानक’चं जे झालं तेच आधी ‘भयंकर’चं झालं होतं. ‘भयंकर सुंदर’ आपण कधीपासून म्हणतो आहोत. तीव्रता दाखवायला वापरला की शब्दातलं भय झिजतं. मी समीक्षेत ‘भीतीदायक’ किंवा सरळ ‘घाबरवणारा’ लिहिते.

बाकी या कुळातले शब्द अजून शाबूत आहेत, फक्त त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘भयाण’ जागेला आणि शांततेला लागतो: भयाण वाडा, भयाण शांतता. माणसाला भयाण म्हटलेलं कानाला खटकतं. ‘भेसूर’ चेहऱ्याला आणि आवाजाला. हिल हाउस भयाण आहे, त्या दाराबाहेरचं रडणं भेसूर आहे. दोन्हींना भयानक म्हटलं की वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही.

प्रतिसाद

‘भयानक’ला जुनं घर आहे, ते विसरू नका. नाट्यशास्त्रातल्या आठ रसांपैकी तो एक. त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय. शेजारी बीभत्स, त्याचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. रक्त, ओकारी, सडलेलं मांस दाखवणाऱ्या चित्रपटांना चाहते भयानक म्हणतात तेव्हा त्यांना बीभत्स म्हणायचं असतं. माझी तक्रार अशी की कादंबरीतला भयानक रस पडद्यावर येता येता बीभत्स होतो आणि निर्मात्यांना वाटतं काम झालं.

प्रतिसाद

त्याच ग्रंथात ‘बीभत्साच्च भयानकः’ असंही म्हटलंय, म्हणजे बीभत्सातून भयानकाची उत्पत्ती होते. किळस ही भीतीची हलकी बहीण आहे असं नाट्यशास्त्रकार भरताने कुठे म्हटलेलं नाही. विल्यम पीटर ब्लॅटीने स्वतःच्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७१) या कादंबरीची पटकथा स्वतःच लिहिली, १९७३ मध्ये चित्रपट आला आणि त्या पटकथेला ऑस्कर मिळालं. त्यातली हिरवी ओकारी किळसवाणी आहेच. पण ती एका लहान मुलीच्या तोंडून येते, जिला आपण आधी हसताना-खेळताना पाहिलेलं असतं. किळस वाटता वाटता आपण तिच्यासाठी घाबरतो. इथे बीभत्स वगळला असता तर भयानक उभाच राहिला नसता.

प्रतिसाद

रसांवरून आठवलं. ‘हॉरर’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ केस ताठ उभे राहणं, शहारणं. संस्कृतातला ‘हृष्’ हा धातू त्याचा चुलतभाऊ मानला जातो. म्हणजे हॉररच्या सर्वांत जवळचा आपला शब्द ‘रोमहर्ष’! गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, ‘वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते’. तिथे त्याला कापरं भरलंय. शेवटच्या अध्यायात संजय तो सगळा संवाद ‘अद्भुतं रोमहर्षणम्’ म्हणतो, तिथे तो भारावलेला आहे. काटा एकच, कारणं दोन.

आपण ‘रोमहर्षक’ क्रिकेटच्या सामन्याला देऊन टाकला, पण ‘अंगावर काटा आला’ अजून दोन्हीकडे चालतं. म्हणून मला ‘काटा आला’ हा चाहत्याचा सर्वांत खरा अभिप्राय वाटतो. ‘भयकथा’ हा शब्द मनातल्या भावाचं नाव सांगतो, ‘हॉरर’ कातडीचं. कादंबरी वाचताना काटा आला आणि चित्रपट बघताना आला नाही, तर त्यावर वाद घालता येत नाही. काटा खोटा आणता येत नाही.

प्रतिसाद

विषयाच्या दुसऱ्या टोकाला कुणीच हात लावला नाही. कादंबरीवरून चित्रपट ‘होतो’, त्या होण्याला काय म्हणायचं? रूपांतर, माध्यमांतर, आधारित, प्रेरित, बेतलेला. जाणकार ‘माध्यमांतर’ म्हणतात आणि ते अचूक आहे, पण मला सर्वांत जिवंत ‘बेतलेला’ वाटतो. शिंपी कापड बेततो, म्हणजे अंगाचं माप घेऊन कुठे कापायचं ते ठरवतो. सहाशे पानांची कादंबरी दोन तासांत बसवणं म्हणजे हेच. कापणं त्यात गृहीतच आहे. माप कुणाचं घेतलं, वाद त्यावर व्हायला हवा.

आणि आपण ‘जिवावर बेतलं’ असंही म्हणतो. भयपटाला याहून योग्य क्रियापद कुठे सापडणार?

‘प्रेरित’ मात्र वेगळा ठेवा. ‘तुंबाड’ (२०१८) कोणत्या कादंबरीवर बेतलाय, असं नेहमी विचारलं जातं. त्यातल्या आजीच्या भागामागे नारायण धारपांची कथा आहे. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलंय, आणि ती काही भयकादंबरी नव्हे. इथे ‘बेतलेला’ चूक, ‘प्रेरित’ बरोबर.

प्रतिसाद

यात ‘बरहुकूम’ची, म्हणजे ‘जसंच्या तसं’ची, भर घाला. ‘मूळ संहितेबरहुकूम’ हा छान जुना प्रयोग आहे. चाहते मागतात ते हेच. पण धागाकर्तीने दिलेली १९९७ ची मालिका क्युब्रिकच्या चित्रपटापेक्षा कितीतरी जास्त बरहुकूम होती, तरी आज लोक पुन्हापुन्हा बघतात तो चित्रपटच. किंगला तो आवडला नव्हता. त्याच्या कादंबरीतला बाप हळूहळू बिघडत जातो, चित्रपटातला पहिल्या दृश्यापासून बिघडलेला वाटतो. ही तक्रार मला पटते. आणि हाच किंग ‘द मिस्ट’च्या (२००७) बदललेल्या शेवटावर खूश होता. त्याच्या मूळ लघुकादंबरीत थोडी आशा शिल्लक राहते, चित्रपट ती हिरावून घेतो. लेखकालाच बरहुकूम नको असतं, त्याला भीतीचा गाभा सांभाळलेला हवा असतो.

धागाकर्ती

‘बेतणे’ वाचून मी जागची हलले नाही! आता एक शब्द माझ्याकडून: प्रक्षिप्त.

पोथीत मागाहून कुणीतरी घातलेल्या ओव्यांना आपण प्रक्षिप्त म्हणतो. भयकादंबऱ्यांचं असंच झालंय. सूर्यप्रकाशात रक्तपिपासू मरतो हे सगळ्यांना ‘ड्रॅक्युला’तलं (१८९७) वाटतं. पण ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा हिंडतो, फक्त त्याची शक्ती उणावते. उन्हाने विरून जाणं आलं ते ‘नोस्फेराटू’तून (१९२२). तो चित्रपट परवानगी न घेता, पात्रांची नावं बदलून काढला होता. स्टोकरच्या विधवेने खटला भरला आणि प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही वाचल्या. चित्रपट मिटवायला निघाले होते आणि त्यातली प्रक्षिप्त ओवी मूळ ग्रंथाहून प्रसिद्ध झाली. ‘रिंग’ या जपानी भयकथेचंही तसंच. दूरचित्रवाणीच्या पडद्यातून बाहेर सरपटत येणारी सादाको कोजी सुझुकीच्या कादंबरीत (१९९१) नाही, ती १९९८ च्या चित्रपटाची.

प्रतिसाद

प्रक्षिप्त म्हटल्यावर नाथांची ओवी आठवलीच पाहिजे. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्यावर त्यांनी बजावलं: ‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. चिडलेला चाहता दुसरं काय म्हणतो? हिल हाउसवरचा १९९९ चा चित्रपट मला तंतोतंत ताटातली नरोटी वाटतो.

पण सादाकोला नरोटी म्हणवत नाही. मी कादंबरी आधी वाचली होती, प्रसंग मूळचा नाही हे मला ठाऊक होतं, तरी त्या रात्री घरातल्या दूरचित्रवाणीचा बंद पडदा मी कापडाने झाकला. दिसतं त्याच्यामागे काहीतरी आहे आणि ते आपल्याकडे येणार आहे, ही कादंबरीतली धास्ती त्या प्रसंगाने नेमकी पकडली. म्हणून तो प्रक्षिप्त असूनही त्याच ताटातला वाटतो.

प्रतिसाद

एक शंका. धसका ‘बसतो’ की ‘घेतात’?

प्रतिसाद

दोन्ही बरोबर, पण फरक आहे. बसतो तो आपल्या नकळत. ‘सायको’ पाहून अंघोळीला जाताना ज्यांनी दाराची कडी दोनदा तपासली त्यांना धसका बसला. ज्यांनी पुढची कित्येक वर्षं न्हाणीघरात पडदाच लावू दिला नाही त्यांनी धसका घेतला. वर ज्यांनी कापड टाकून पडदा झाकला त्यांचं काय ते त्यांनीच सांगावं: दुसऱ्या दिवशी कापड काढलंत का?

प्रतिसाद

तिसऱ्या.