८.५ जीबी मोकळे, तरी म्हणतंय जागा नाही

उद्यमबागवाला:
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत माझं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. ऑफिसातल्या जुन्या पीसीवर उबुंटू आहे, त्यातल्या २० जीबीच्या वेगळ्या पार्टिशनवर चार कॅमेऱ्यांचे फोटो साठतात. प्रत्येकाचा दर पाच सेकंदाला एक. काल सकाळपासून फोटो यायचे बंद. आमचा गोकाकचा पोरगा स्क्रीनकडे बघून म्हणाला, "जागा इल्ल री." मेसेज तोच, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. पण मोकळी जागा बघायला डीएफ -एच मारलं तर ७.५ जीबी मोकळे! तरी एक जीबीचा व्हिडिओ उडवला, ८.५ झाले. स्क्रिप्ट बंद करून 'टच' मारून रिकामी फाइल केली, झाली. दुसरी केली, परत तोच मेसेज. शून्य बाइटच्या फाइलला कसली जागा लागते ओ?

रामलिंगखिंड:
नवी डिस्क घाला की. जुनं मशीन, कशाला डोकं शिणवताय.

निपाणीकर:
डिस्क घेऊ नका, थांबा. तुमच्या त्या दुसऱ्या फाइलनंच सगळं सांगितलं. एक उडवली म्हणून एकच बसली. डीएफ -आय मारून बघा, आयनोड संपले असणार. आयनोड म्हणजे डिस्कवर फाइलची नोंद ठेवायची जागा, प्रत्येक फाइलला एक.

आमच्याकडच्या तंबाखूच्या वखारीसारखं आहे. निम्मी वखार रिकामी, पण आवक लिहायच्या वहीत ओळ उरली नाही. दिवाणजी ओळीशिवाय बोद, म्हणजे तंबाखूचं पोतं, आत घेत नाही. मग बोद मोठा असो का लहान, ओळ एकच लागते. ईएक्सटी४, म्हणजे उबुंटूची नेहमीची फाइल सिस्टम, तिच्यात या ओळी म्हणजेच आयनोड फॉरमॅट करतानाच ठरतात, नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबीमागे एक. २० जीबीला १३,१०,७२०. तुमचे फोटो दिवसाला ६९,१२०. करा भागाकार, एकोणीस दिवस.

उद्यमबागवाला:
बरोब्बर! स्क्रिप्ट लावून एकोणीसच दिवस झाले होते. वापर १०० टक्के. पण फोटोंच्या फोल्डरात सगळं उडवायला आरएम आणि स्टार मारलं तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'. आता काय करू?

शहापूरचा:
लाखभर नावं एका ओळीत मावत नाहीत, म्हणून. फोल्डरचा पाथ देऊन फाइंड वापरा: -टाइप एफ (फक्त फाइली), -एमटाइम +७ (आठवड्याहून जुन्या), शेवटी -डिलीट. पण आधी -डिलीट न लावता चालवून यादी डोळ्यांखालून घाला. आणि ते शेवटीच लावायचं हं. मी एकदा आधी लावलं, तर तारीख बघायच्या आत सगळंच गेलं.

आयनोड शिल्लक असूनही हा मेसेज आला, तर एलएसओएफ +एल१ बघा, उडवूनही उघड्या राहिलेल्या फाइली त्यात दिसतात. माझ्याकडे लॉगची फाइल उडवली होती, पण प्रोग्रॅमनं ती उघडीच धरली होती. प्रोग्रॅम रीस्टार्ट केल्यावर जागा सुटली.

उद्यमबागवाला:
फाइंड चहा होईपर्यंत चालू होता. आठ लाखांच्या वर आयनोड मोकळे झाले, फोटो परत यायला लागले. हेच पार्टिशन ठेवून आयनोड वाढवता येतात का?

निपाणीकर:
ईएक्सटी४ मध्ये पार्टिशन मोठं केलं तरच वाढतात. नाहीतर डेटा बाजूला काढून परत फॉरमॅट करा, -आय ८१९२ (दर ८ केबीमागे एक) दिलं की दुप्पट मिळतील. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टममध्ये आयनोड लागतील तसे तयार होतात. मी तुमच्या जागी असतो तर रोज रात्री त्या दिवसाचे फोटो एकत्र बांधून त्यांची एकच टार फाइल करून सुटे फोटो उडवले असते.

उद्यमबागवाला:
टारच करतो. डिस्कवाल्याला सांगून ठेवलं होतं, त्याचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला.