मदत हवी आहे: टाइप टू-एमधून अकरावी मिती नेमकी कशी येते?

नमस्कार मंडळी. मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सला आहे. सेमिनारसाठी स्ट्रिंग थिअरींचं एकत्रीकरण हा विषय घेतलाय आणि एका जागी अडलोय.

दहा मितींमधल्या पाच सुपरस्ट्रिंग थिअरी (टाइप वन, टू-ए, टू-बी आणि दोन हेटेरॉटिक) एकाच सिद्धांताची वेगवेगळी टोकं आहेत, हे एडवर्ड विटन यांनी १९९५ मध्ये मांडलं. त्यातली टी-ड्युअॅलिटी समजली: गुंडाळलेल्या मितीच्या वर्तुळाची त्रिज्या उलटी केली की स्ट्रिंगची वेटोळी आणि संवेग जागा बदलतात, टू-एची टू-बी होते. एस-ड्युअॅलिटीवरचं (तीव्र आणि कमकुवत कपलिंगची, म्हणजे परस्परक्रियेच्या ताकदीची, अदलाबदल) अशोक सेन यांचं १९९४ चं काम तर फारच देखणं आहे, आपल्या देशात झालंय याचा अभिमानही वाटतो.

घोडं अडतं ते टू-एपाशी. डी-झीरो ब्रेनचं (स्ट्रिंगची टोकं जिथं टेकतात अशा बिंदूसारख्या वस्तूचं) वस्तुमान कपलिंगच्या व्यस्त प्रमाणात. असे एन ब्रेन एकत्र बांधले की बरोबर एनपट. ही माळ वर्तुळाकार अकराव्या मितीतल्या संवेगासारखीच दिसते, आणि कपलिंग वाढलं की ते वर्तुळ मोठं होतं. इथपर्यंत ठीक. पण सूत्र काढलं कमकुवत कपलिंगला, मग तीव्र कपलिंगला ते टिकतं कशावरून? ‘बीपीएस अवस्था आहेत, सुपरसिमेट्री सांभाळते’ एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं (बीपीएस म्हणजे ज्यांचं वस्तुमान त्यांच्या भारावरूनच ठरतं अशा अवस्था; सुपरसिमेट्री म्हणजे बोसॉन आणि फर्मिऑन यांना जोडणारी सममिती). मला ते सुपरसिमेट्रीच्या बीजगणितातून पायरीपायरीनं करून बघायचंय. सुरुवात कुठून करू?

शिवाय पाचांपैकी ई-एट हेटेरॉटिक थिअरीला अकरावी मिती म्हणून वर्तुळाऐवजी रेषाखंड का लागतो, यावरही कुणी चार ओळी लिहिल्या तर फार बरं होईल. कोल्हापुरात कुणी जाणकार असतील तर वही घेऊन सांगाल तिथं येतो, संध्याकाळी कधीही.