अचलपूर २०२४: बच्चूभाऊंना गुवाहाटीनं पाडलं, हे मला पटत नाही

मृगबहार (धागाकर्ता):
अचलपूरचा विषय निघाला की सगळ्यांचं उत्तर तयार असतं: गुवाहाटी नडली. २००४, २००९, २०१४, २०१९ असे सलग चार वेळा निवडून आलेले बच्चू कडू २०२४ ला भाजपच्या प्रवीण तायडेंकडून बारा हजारांवर मतांनी पडले, आणि जून २०२२ ला शिंदेंच्या बंडात भाऊ गुवाहाटीला गेले, त्याचं खापर त्या विमानावर फोडून लोक मोकळे झाले.

जरा आकडे काढून बसा. २०१४ ला भाऊंना ५९ हजार मतं होती आणि ते आमदार झाले. २०२४ ला ६६ हजार मिळाली आणि ते माजी झाले. मग फरक कुठं पडला? २०१९ ला युतीत अचलपूरची जागा शिवसेनेकडे होती. मशीनवर कमळच नव्हतं. भाजपचा मतदार कुठंतरी जाणारच होता. काँग्रेसच्या बबलूभाऊ देशमुखांकडे जाण्यापेक्षा त्याला स्वतःच्या प्रहार पक्षाकडून लढणारे भाऊ बरे वाटले. म्हणून भाऊ ८१ हजारांवर गेले, तरी देशमुख ७२ हजारांवर होतेच. २०२४ ला कमळ परत आलं आणि तायडेंना ७८ हजार पडली. देशमुखांची ६२ हजार, म्हणजे तिघांत विभागणी. एकट्या लढणाऱ्याचं गणित तिरंगी लढतीत जुळतं, पण तिघांपैकी एकामागे लाट नसली तरच.

दुसरं, गुवाहाटी हेच कारण असेल तर तिकडे गेलेले संजय राठोड दिग्रसमध्ये कसे आले? बुलढाण्यात संजय गायकवाड ८४१ मतांनी का होईना, आलेच ना? आणि काँग्रेसच्या यशोमतीताई ठाकूर तर गुवाहाटीच्या वाटेलाही गेल्या नव्हत्या, त्या तिवस्यात पडल्या. अमरावती जिल्ह्यातल्या आठपैकी सात जागा महायुतीकडे गेल्या. या पुरात एकटा लढणारा वाहून गेला, एवढंच झालं.

मी प्रहारचा कार्यकर्ता नाही, हे आधीच सांगून ठेवतो. संत्र्याची बाग आहे, त्यातून सवड मिळाली की राजकारण.

परतवाडेकर:
५९ पेक्षा ६६ मोठे, हे आम्हालाही कळतं. पण दहा वर्षांत मतदारही वाढले, ते सोयीस्कर विसरलात. तुलना करायची तर २०१९ शी करा. पंधरा हजार मतं गेली. ती सगळी कमळाचीच होती असं तुम्ही गृहीत धरताय.

माझ्या गल्लीतलं सांगतो. मुस्लिम आणि बौद्ध वस्तीत भाऊंना मानणारे लोक होते, आहेत. दवाखान्याचं काम असो, रक्त लागो, रात्री फोन केला तरी पोरं हजर. या लोकांना पक्षाशी देणंघेणं नव्हतं. भाऊ कोणाचेच नव्हते म्हणून सगळ्यांचे होते. २०२२ नंतर ते कोणाचेतरी झाले. त्यात एप्रिल २०२२ ला गावात दंगल होऊन संचारबंदी लागलेली, मनं आधीच फाटलेली. मग लोकसभेला ज्यांनी पंजा दाबला त्यांनी विधानसभेलाही तोच दाबला. देशमुखांची ६२ हजार कुठून आली वाटतं तुम्हाला?

राठोड आणि गायकवाड शिवसेनेचे. त्यांनी नेता बदलला, पण धनुष्यबाण त्यांच्याच हाती राहिला. भाऊंकडे स्वतःचं नाव सोडून असं घराघरात मुरलेलं चिन्ह कोणतं होतं? मेळघाटचे राजकुमार पटेलही गुवाहाटीला होते, प्रहारचेच. त्यांच्याविरुद्ध भाजपचे केवलराम काळे लाखावर मतांनी आले. ते उदाहरण तुमच्या यादीत नाही.

वऱ्हाडी_माणूस:
तुमी दोघंई आकडे घेऊन बसा बाप्पा. सोयाबीनचा हमीभाव ४८९२ अन् आमचं गेलं चार हजाराच्या आसपास. तरी लोकाईनं सरकारलेच मत देल्लं. काऊन? घरातल्या बायकाईच्या खात्यात लाडक्या बहिणीचे पंधराशे पडत होते. शेतकऱ्याचा नेता पडला अन् पंधराशे रुपये निवडून आले, झालं तं मंग.

अंजनगावची_सून:
@वऱ्हाडी_माणूस दादा, पंधराशेत बाई विकल्या गेली असं म्हणायचं असेल तर सरळ म्हणा. दिव्यांगांच्या खात्यात पैसे यावेत म्हणून भाऊंनी वीस वर्षं आंदोलनं केली, तेव्हा तो हक्क होता. आमच्या खात्यात आले की लाच? दोन्हीकडे सरकारचाच पैसा, दोन्हीकडे गरजू माणूस.

माझ्या दिराला एका पायानं अधू म्हणून दाखला काढायचा होता. जिल्ह्याच्या ठिकाणी किती चकरा झाल्या ते त्यालाच माहीत. डॉक्टरची सही, मग टक्केवारी, मग ऑनलाइनचा फोटो बरोबर नाही. शेवटी प्रहारच्या एका पोरानं मोटरसायकलवर बसवून नेलं, रांगेत स्वतः उभा राहिला आणि संध्याकाळी कागद हातात दिला. चहासुद्धा घेतला नाही. तो पोरगा आम्ही विसरलो नाही. पण म्हणून घरातली चारही मतं एकाच जागी पडतील असं कोणी धरून चालू नये. मी कोणाला दिलं ते विचारू नका.

चिमणी_बंद:
तुम्ही सगळे जात, चिन्ह, योजना यावर बोलताय. कामाचं कोण बोलणार? वीस वर्षं आमदारकी, त्यात अडीच वर्षं राज्यमंत्री. जलसंपदा आणि शालेय शिक्षण यांच्याकडे, अकोल्याचं पालकमंत्रिपदही. आणि अचलपुरात काय? फिनले मिल २०२० च्या लॉकडाऊनला बंद पडली ती बंदच. माझे वडील तिथं होते. शकुंतला रेल्वे इतिहासजमा. पोरं पुण्याला कंपनीत. आंदोलन करणारा आमदार टीव्हीवर बरा दिसतो, गावाला कारखाना लागतो.

मृगबहार:
@चिमणी_बंद फिनले मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे केंद्राची. शकुंतलाही रेल्वेचा विषय. यात आमदार निवेदन देण्यापलीकडे काय करणार? संत्र्याचंही तेच. बांगलादेशनं आयातशुल्क वाढवलं आणि आमचा माल बागेत पडून राहिला. त्यासाठी मी आमदाराला शिव्या देऊ का?

चिमणी_बंद:
देऊ नका. पण मग सभेत "तुमच्यासाठी लढलो" म्हणून मत मागताना तोच हिशेब लावा. जे हातात नाही त्याचं श्रेयही नको.

बूथ_नंबर_विसरा:
मी भाजपवाला आहे, लपवत नाही. गुवाहाटी की कमळ, हा वाद तुमचा चालू द्या. आमच्यासाठी निकाल लोकसभेलाच लागला होता. भाऊ तेव्हा महायुतीत होते ना? तरी अमरावतीत नवनीत राणांसमोर दिनेश बूब यांना प्रहारकडून उभं केलं. बूब यांनी ८५ हजारांच्या आसपास मतं खाल्ली, आणि काँग्रेसचे बळवंत वानखडे १९,७३१ नं निवडून आले. त्या रात्री आमच्या कार्यकर्त्यांनी जेवण सोडलं होतं. अचलपूरचा हिशेब तेव्हाच ठरला.

मतदानाच्या दिवशीचं सांगतो. आमच्या टेबलावर मतदारयादीची पानं वेगळी काढलेली, प्रत्येक पानाला एक माणूस. दुपारपर्यंत कोण आलं नाही त्याच्या नावापुढे पेन्सिलची खूण, आणि तीननंतर त्या घरी गाडी. पलीकडे प्रहारच्या टेबलावर पोरं भरपूर, उत्साह भरपूर, यादी मात्र एकच. तीसुद्धा एक जण घेऊन जेवायला गेलेला. भाऊंनी माणसं जोडली, खरं आहे. पण यंत्रणा म्हणून जे लागतं ते प्रहारकडं तेव्हाही नव्हतं, आत्ताही नाही.

परतवाडेकर:
@बूथ_नंबर_विसरा ही यादी २०१४ लाही तुमच्याकडे होतीच की. तेव्हा का पडलात?

बूथ_नंबर_विसरा:
तेव्हा आमच्याकडे पेन्सिल नव्हती 😄 गंमत सोडा. तेव्हा भाऊंच्या विरोधात जायला लोकांना लाज वाटायची. २०२४ ला वाटली नाही.

परतवाडेकर:
हेच मी सकाळपासून सांगतोय! ती लाज कशानं गेली? बडनेऱ्याचे आमदार रवी राणांनी खोक्यांचा, म्हणजे गुवाहाटीला जायला पैसे घेतल्याचा आरोप केला, मग मुंबईत बैठक झाली आणि तो मागेही घेतला. पण 'खोके' हा शब्द गावोगाव पोरांच्या तोंडी बसला. भाऊंनी पैसे घेतले असं मी म्हणत नाही, मला तसं वाटतही नाही. पण ज्याची सगळी मिळकत म्हणजे लोकांचा विश्वास, त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लागणंच पुरेसं असतं. मोठ्या पक्षवाल्यांना आरोप पचतात, एकट्याला नाही पचत. आणि मंत्रिपदही मिळालं नाही ते वेगळंच.

मोझरीचा:
मंत्रिपद नाही, पण दिव्यांगांचा वेगळा विभाग त्याच काळात झाला, ३ डिसेंबर २०२२ ला. भाऊ म्हणतात त्यासाठी गेलो. तुम्हाला पटो न पटो, विभाग झाला हे खरं.

आणि माझं उलटंच म्हणणं आहे. भाऊ पडले ते बरं झालं. जून २०२५ ला गुरुकुंजात उपोषणाला बसले तेव्हा मी रोज जात होतो. पक्ष न बघता लोक येत होते, काँग्रेसवाले, शेतकरी संघटनेचे, रिकाम्या हाताचे. नंतर सातबारा कोरा यात्रा, ऑक्टोबरात नागपूरच्या वेशीवर ट्रॅक्टर. दिव्यांगांचं मानधन दीड हजाराचं अडीच हजार झालं. कर्जमाफीसाठी मुख्यमंत्र्यांना ३० जून २०२६ ही तारीख द्यावी लागली. सत्तेत बसून हे झालं असतं का?

वऱ्हाडी_माणूस:
तारीख भेटली, सातबारा कोरा नाई झाला. तारखा तं आमाले कोर्टातई भेटतात.

अंजनगावची_सून:
मानधन वाढलं ते खरं आहे, दिराच्या खात्यात आलं. पण आमदार असते तर मागणी सभागृहात झाली असती, रस्त्यावर लोकांना थंडीवाऱ्यात झोपावं लागलं नसतं. 'पडले ते बरं झालं' हे म्हणणं घरी परतणाऱ्या माणसाला सोपं आहे.

मृगबहार:
चर्चा चांगली झाली. परतवाडेकरांचा चिन्हाचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. मुरलेलं चिन्ह नाही, यादी नाही, म्हणजे यंत्रणा नाही. गुवाहाटीला न जाताही कमळासमोर हेच झालं असतं. आता पुढचं बोलू. २०२९ ला मशीनवर कमळ असणारच. भाऊंनी तेव्हा पुन्हा एकटं लढायचं की कोणाशी तरी जुळवून घ्यायचं? यावर सांगा. गुवाहाटी आता पुरे.

परतवाडेकर:
पुरे कशी? 'जुळवून घ्यायचं' म्हणता, ते पहिल्यांदा घेतलं तेव्हा काय झालं यावरच तर हा अख्खा धागा आहे.